पोटावरची फुली आणि एक जुना कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे.

कान म्हटलं म्हणून हसू नका. मला डोकं नाही, चेहरा नाही, डूल घालायला भोकही नाही. तळहातात मावेल एवढी करड्या रंगाची डबी, तिच्यातून निघालेली वेटोळ्यांची वायर आणि वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी नळी, एवढाच मी. नळीच्या टोकाला थोडी जेल लावायची आणि ते टोक कातडीवर टेकवायचं. मी आत एक बारीक आवाज सोडतो, तो तुम्हांला ऐकू येत नाही. आत रक्त वाहत असेल तर त्याला आपटून तो आवाज बदलून माघारी येतो, आणि मग माझ्या जाळीतून तुम्हांला रक्ताची चाल ऐकू येते. वाहतं रक्त मला ऐकू येतं. थांबलेलं येत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा.

माझा जन्म मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरच्या एका कारखान्यात झाला. निळे डगले घातलेल्या बायका रांगेत बसून माझ्यासारखे कान जोडायच्या. शेवटच्या टेबलावर ओफेलिया नावाची बाई बसे. ती प्रत्येक कान आपल्याच मनगटावर टेकवून बघायची. त्या दिवशी तिची नाडी नुसती धावत होती, कारण घरी तिचं पोर तापाने फणफणलं होतं आणि शेजारणीच्या भरवशावर ते सोडून ती कामावर आली होती. म्हणजे मी जगात आल्यावर ऐकलेला पहिला आवाज एका काळजीत पडलेल्या आईचा होता. पुढे आयुष्यभर मला बहुतेक तोच ऐकावा लागेल, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तिथून मी ग्वादालाहाराच्या एका मोठ्या इस्पितळात आलो. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायचं, असं काम त्या वॉर्डात चालतं. तिथल्या सर्जन डॉक्टर सामूदिओ मला आपल्या कोटाच्या खिशात ठेवायच्या. त्याच खिशात त्यांच्या चिंचेच्या तिखट गोळ्या असत, म्हणून माझ्या जाळीला कायम चिंचेचा वास यायचा. नवं मूत्रपिंड बसवलं की त्या मला त्याच्यावर टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “पितंय. मजेत पितंय.” मूत्रपिंडाचा आवाज इतर नाड्यांसारखा नसतो, मित्रांनो. हाताची, पायाची नाडी ठप्, ठप् अशी वाजते आणि मध्ये गप्प बसते. मूत्रपिंड मात्र हूऽऽश, हूऽऽश करतं. त्याला सतत रक्त हवं असतं, म्हणून त्याच्या प्रत्येक ठोक्याला लांब शेपूट असतं आणि ते शेपूट पुढच्या ठोक्याला जाऊन चिकटतं.

ते माझे चांगले दिवस होते. मग रंगीत पडद्याचं मोठं यंत्र आलं. ते आत चित्रच दाखवायचं. लोक त्याच्याभोवती जमू लागले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. एकदा कुणाच्या तरी हातून पडलो तेव्हा डबीला तडा गेला, त्यावर पांढरी चिकटपट्टी लागली. कुणी माझी जेल न पुसताच मला ठेवून द्यायचं. ती वाळून टोकावर खपली धरायची आणि मी खरखर करायचो. “हे डबडं टाकून द्या,” असं मी कितीदा ऐकलं. कान असण्याचं हेच दुःख आहे, स्वतःबद्दलचंही ऐकावं लागतं.

अशात यारेत्सी आली.

यारेत्सी नऊ वर्षांची. तळ्याकाठच्या गावातली. बाप एफ्राइन तळ्यातली बोटाएवढी मासळी पकडून उन्हात वाळवायचा, आई मारिक्रूस ती तळून बाजारात विकायची. यारेत्सी वेळेच्या फार आधी जन्मली होती, मुठीएवढी. तेव्हा तिला जगवायला मांडीच्या शिरांमधून नळ्या घातल्या होत्या. त्या नळ्यांनी जीव वाचवला, पण जाताना वाट बुजवून गेल्या. पोटाखालचं रक्त हृदयाकडे नेणारी जी मोठी शीर असते ना, ती तिची खालून बंद झाली. मूत्रपिंडंही गेली. मग यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, दिवसाआड, तासन्‌तास.

त्यासाठी तिच्या दंडात दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. अशा जोडावर बोट ठेवलं की आत गुरगुर लागते. मारिक्रूस रोज सकाळी लेकीच्या दंडावर बोटं ठेवायची आणि म्हणायची, “मांजर जागं आहे का बघू.” मांजर गुरगुरत असलं की मगच ती चूल पेटवायची. वर्षानुवर्षं. एका सकाळी मांजर गुरगुरलं नाही. तेव्हापासून यंत्राला जोडायला यारेत्सीच्या गळ्यात नळी होती. डॉक्टर सामूदिओंनी नवराबायकोला समोर बसवून सरळ सांगितलं होतं, “या मुलीच्या शिरा वापरून संपल्यात. ही नळी बंद पडली तर दुसरी घालायला जागा नाही. मूत्रपिंड बसवायचं ते आत्ताच, आणि एकदाच जमेल.”

दोन इस्पितळांनी आधीच नाही म्हटलं होतं. कारण मूत्रपिंड बसवतात ते खाली, जांघेच्या वर, पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून. हिची तिथली शीर तर बंद. सामूदिओंनी फोटोंवर फोटो काढले आणि एक वाट शोधली. वर, डाव्या बरगडीखाली, तिच्या स्वतःच्या निकामी मूत्रपिंडाची शीर अजून उघडी होती. ते काढायचं आणि त्याच जागी, त्याच शिरेला बापाचं मूत्रपिंड जोडायचं.

आणि त्यांनी ते केलं. सकाळी सुरू झालेलं ऑपरेशन उन्हं उतरल्यावर संपलं. मला त्यांनी ड्रॉवरमधून मुद्दाम मागवून घेतलं होतं. “माझं ते पट्टी लावलेलं आणा. रंगीत यंत्राला अख्ख्या इस्पितळाची रांग असते, हे माझ्या पोरीच्या उशाशी राहील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काळ्या शाईने यारेत्सीच्या अंगावर दोन खुणा केल्या. डाव्या बरगडीखाली ठळक फुली, तिथे मूत्रपिंड. उजव्या जांघेत एक लहानसा गोल, तिथे पायाची नाडी, पायाला रक्त पोचतंय ना ते कळायला. “दोन्ही ऐकायच्या, तासातासाला,” त्या सकाळच्या नर्सला म्हणाल्या. फुलीवर मला टेकवलं आणि मी गायला लागलो. हूऽऽश. हूऽऽश. मारिक्रूस पलंगाच्या कडेशी उभी होती. तिने ओठ घट्ट मिटले होते, पण तिची मान माझ्या आवाजाबरोबर हलत होती.

“मांजर मोठं झालं,” ती म्हणाली.

“आता वाघ आहे तो,” डॉक्टर म्हणाल्या आणि चिंचेची गोळी तोंडात टाकून पुढच्या ऑपरेशनला गेल्या.

दुपारी मारिक्रूस नवऱ्याला बघायला खालच्या मजल्यावर गेली. यारेत्सीजवळ तिची आजी बसली, दोन्या एउलालिया, म्हणजे एउलालियाबाई. नातीला बघायला पहाटेच्या बसने आली होती. मांडीवर मोठी पर्स, पर्समध्ये एक बाटली. त्या भागात प्रत्येक आजीकडे अशी बाटली असते. स्पिरिटमध्ये रोझमेरीच्या सुवासिक काड्या बुडवून ठेवलेल्या. डोकं दुखलं, पाय दुखले, नजर लागली, की लाव.

यारेत्सीने चादर खाली करून स्वतःचं पोट बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “आजी, मला चूक दिलीय बघ.”

“कुणी गं?”

“डॉक्टरीणबाईंनी. गणित चुकलं की आमच्या बाई अशीच फुली मारतात. मी अख्खीच चुकले वाटतं.”

ती गंमत करत होती. हसली की टाके ओढायचे, म्हणून ती फक्त डोळ्यांनी हसायची. पण आजीला ते हसू दिसलं नाही. एवढ्या लहान पोरीने इतकं सोसलं आणि वर तिच्या पोटावर चुकीची खूण? “माझ्या पोरीत काहीएक चुकलेलं नाही,” ती पुटपुटली. पर्स उघडली. बाटली काढली. कापसाचा बोळा भिजवला आणि पट्टीला धक्का न लावता, अगदी हळूच, ती फुली पुसून काढली.

मी उशाशीच होतो. मित्रांनो, मी कान आहे, तोंड नाही. मी तो बोळा फिरताना ऐकला. रोझमेरीचा वास चिंचेच्या वासात मिसळला. आजीने चादर नीट ओढली, नातीच्या कपाळाची पापी घेतली. जांघेतला गोल चादरीखाली होता, तो तिला दिसलाच नाही. तो राहिला.

थोड्या वेळाने पाळी बदलली. हासिंतो नावाचा नर्स आला. धिप्पाड, हसरा, दुसऱ्या वॉर्डातून त्या दिवसापुरता पाठवलेला. जाणाऱ्या नर्सने त्याला घाईत सांगितलं, “खूण केलीय तिथे तासातासाला ऐक.” त्याने चादर बाजूला केली. पोटाच्या मधोमध लांब पट्टी, तिच्यावरून कळत नाही मूत्रपिंड कुठल्या अंगाला आहे ते. आणि खूण एकच. उजव्या जांघेतला गोल. मूत्रपिंडं बहुतेक तिथेच तर बसवतात. त्याने मला तिथे टेकवलं.

ठप्. ठप्. ठप्.

“वा,” हासिंतो म्हणाला. “घोडा धावतोय. मूत्रपिंड झकास आहे, ताई.”

मारिक्रूस तेवढ्यात वर आली होती. हातात नवऱ्याने न खाल्लेली, कागदी रुमालात गुंडाळलेली पोळी होती. ती दारातच थांबली. “तसाच आवाज आहे का?” तिने विचारलं.

“तसाच म्हणजे? उत्तम आहे.”

तिने मान हलवली. माणूस शिकलेला, रोजचं काम करणारा. तिने खुर्ची ओढली. पण मी तिला ऐकत होतो. तिचं बोट खुर्चीच्या दांडीवर सकाळची चाल वाजवून बघत होतं, लांब शेपटाची, आणि मध्येच अडकत होतं.

मी खोटं बोललो नव्हतो. जिथे टेकवलं तिथलं खरं तेच सांगितलं होतं. पायाची नाडी छान चालू होती. पण विचारलं होतं मूत्रपिंडाबद्दल, आणि उत्तर मिळालं होतं पायाचं.

पुढच्या तासाला पलंगाखालची लघवीची पिशवी जवळजवळ तशीच होती. सकाळी ती भराभर भरत होती. यारेत्सी म्हणाली, “पोट जड वाटतंय.” हासिंतोने नळी कुठे दुमडली नाही ना ते पाहिलं, सलाईन वाढवलं आणि मला पुन्हा गोलावर टेकवलं. ठप्. ठप्. “बघा, ठोका कसा खणखणीत आहे. पहिल्या दिवसांत कमीजास्त व्हायचंच.”

“हा तो आवाज नाही,” मारिक्रूस म्हणाली.

“ताई, आवाज आवाजच असतो.”

“नाही दादा. सकाळचा थांबत नव्हता. हा थांबून थांबून येतोय.”

“तुम्ही तर डॉक्टरीण झालात,” तो हसला. वाईट बुद्धीने नव्हे, तिचं मन हलकं करायला. “थकलाय तुम्ही. थोडी कॉफी घेऊन या.”

“कॉफी नको. फुलीवर ठेवून बघा.”

“कुठल्या फुलीवर?”

मारिक्रूस उठली आणि तिने चादर वर केली. डाव्या बरगडीखाली स्वच्छ, कोरी कातडी होती. तिने कातडीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग सावकाश वळून सासूकडे पाहिलं. दोन्या एउलालियाने पर्स पोटाशी धरली होती.

“मी फक्त... तिला चूक दिली होती गं,” आजी म्हणाली. “पोर म्हणाली.”

हासिंतोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने मला उचललं, मारिक्रूसने दाखवलेल्या जागी टेकवलं. काहीच नाही. जरा वर. नाही. जरा आत. माझ्या टोकावर वाळलेल्या जेलची खपली होती, तिची नुसती खरखर झाली.

“हे डबडं गेलं वाटतं,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “जुनं आहे. मी वरून मोठं यंत्र मागवतो. यायला वेळ लागेल, पण...”

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. मी बिघडलो नव्हतो. बिघडलोय असं त्यांनी धरलं असतं तर मोठं यंत्र येईपर्यंत ते वाट पाहत बसले असते, आणि आत त्या पोरीकडे वाट बघण्याएवढा वेळ नव्हता.

मारिक्रूसने त्याच्या हातातून माझी नळी घेतली. पदराऐवजी तिच्याकडे ब्लाऊजची बाही होती, तिने माझं टोक खसाखसा पुसलं. ताजी जेल लावली. आणि मला स्वतःच्या मनगटावर टेकवलं.

धाड. धाड. धाड. खोलीभर तिची नाडी घुमली, धावत सुटलेली. अगदी ओफेलियासारखी.

“यंत्र चांगलं आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज मात्र एकदम शांत होता. “आता परत ठेवा.”

हासिंतोने परत ठेवलं. या वेळी हळू, श्वास रोखून, केसभर केसभर सरकवत. आणि मला ऐकू आलं. खोल, बारीक. ठक्... आणि लगेच उलटा, माघारी येणारा एक सुस्कारा. शेपूट नव्हतंच. रक्त मूत्रपिंडात शिरत होतं, पण बाहेर पडायची शीर कशाने तरी दाबली गेली होती, म्हणून आलेलं रक्त आल्या वाटेने परत ढकललं जात होतं.

हासिंतोने पुन्हा ऐकलं नाही. तो फोनकडे धावला. “डॉक्टर सामूदिओंना सांगा, यारेत्सी. आत्ता.”

डॉक्टर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडात गोळी नव्हती. त्यांनी एकदाच मला टेकवलं, डोळे मिटले, उघडले. “चला.”

पलंगाची चाकं फिरली. यारेत्सीने आईचा हात धरला होता. “आई, मी खरंच चुकलेय का?”

“नाही गं बाळे. आवाज चुकला होता. सापडला आता.”

दार बंद झालं. मी आत गेलो, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत बांधलेला. मारिक्रूस आणि तिची सासू बाहेर, एकाच बाकावर, मध्ये पर्स ठेवून.

आत जे होतं ते मी नीट सांगतो, घाबरू नका. मूत्रपिंडाच्या मागे रक्त साठून त्याची गाठ झाली होती आणि ती नेमकी त्या एकुलत्या एका शिरेवर बसली होती. मूत्रपिंड जांभळं, काळपट, फुगलेलं. चमच्याने काढावं तसं डॉक्टरांनी ते साठलेलं रक्त काढलं. शीर इतकी नाजूक होती की तिला कुणी बोटही लावलं नाही, तिच्या भोवतालचं तेवढं मोकळं केलं. झिरपणारी जागा शिवली. मग कोमट पाण्याचा बोळा मूत्रपिंडावर ठेवला आणि हात वर करून उभ्या राहिल्या.

“कान,” त्या म्हणाल्या.

मला थेट मूत्रपिंडावर टेकवलं. कातडी नाही, चादर नाही, मध्ये काहीच नाही. शांतता. कुणीतरी विचारलं, शीर आतून गोठली असेल का. डॉक्टरांनी मला केसभर सरकवलं. गोठली असेल तर दुसरी शीर नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ठक्. परत तोच माघारी सुस्कारा. ठक्. मग सुस्कारा जरा कमी. मग नाहीसा. ठक्... हू. हूश.

हूऽऽश.

“रंग बघा,” भूल देणारा माणूस म्हणाला. जांभळ्यातून गुलाबी वर येत होता, एका कडेकडून.

“मला बघायचं नाही,” डॉक्टर डोळे मिटून म्हणाल्या. “मला ऐकू द्या.”

बाहेर आल्यावर त्या बाकासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “पितंय.” मारिक्रूसने चेहरा ओंजळीत घेतला. आजी उठली, पर्समधून बाटली काढून त्यांच्यापुढे धरली, गुन्हेगाराने हत्यार द्यावं तशी.

“पुसायचंच होतं तर मला विचारायचंत, आजी,” डॉक्टर म्हणाल्या.

आजीने बाटली खाली घेतली नाही. मग म्हणाली, “आणि तुम्ही काढलीत तेव्हा पोरीला सांगायचंत, ती कसली फुली आहे ते.”

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मी घाईत होते.” बाटली त्यांनी घेतली नाही.

यारेत्सी शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर तिच्या उशाशी पेन घेऊन बसल्या होत्या. “इथे तुझ्या बाबांचं मूत्रपिंड आहे. ते कुठे आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून मला खूण करायचीय. कसली काढू?”

यारेत्सीने विचार केला. “बरोबरची.”

म्हणून डाव्या बरगडीखाली बरोबरची खूण आली. हासिंतोने तिच्यावर मला टेकवलं, ऐकलं आणि नळी मारिक्रूसच्या हातात दिली. “तुम्ही सांगा ताई, आहे का तो?” ती सगळ्यांकडे बघत बराच वेळ ऐकत राहिली. “आहे,” ती म्हणाली. तेव्हापासून पाळी बदलताना तो येणाऱ्या नर्सला तोंडी सांगून भागवत नाही. पलंगाशी नेतो, तिचं बोट धरून खुणेवर ठेवतो.

त्या मुलीला आयुष्यभर पाणी मोजून मिळालं होतं. बर्फाचा खडा चोखून ती तहान मारायची. आता तपासणीला येते तेव्हा आजी कलिंगडाच्या सरबताचा मोठा थर्मास घेऊन मागे लागलेली असते, आणि पोरगी म्हणते, “आजी, पुरे. किती पिऊ?” गळ्यातली नळी गेली. डबीवरची पट्टी मात्र अजून आहे, आणि मी परत डॉक्टरांच्या खिशात, चिंचेच्या वासात.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही. वायर पिचली आहे. जाण्याआधी थोडंसं मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू वापरल्यावर पुसून ठेवत जा. आम्ही गप्प झालो तर लगेच बिघडलो म्हणू नका, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. कुणाच्या अंगावर, भिंतीवर, झाडावर कुणी केलेली खूण दिसली आणि ती आवडली नाही, तर पुसण्याआधी विचारा. खूण करणाऱ्यांनो, तुम्ही न विचारता सांगा. आणि कुणी ‘हा तो आवाज नाही’ असं म्हणालं, तर त्याला कॉफी प्यायला पाठवू नका. मला उचला आणि दुसऱ्या जागी ठेवून बघा. मी जिथे ठेवाल तिथलंच ऐकतो. कुठे ठेवायचं, ते तुमच्या हातात आहे.